वॉलेमी पाइन की गॉब्लिन शार्क: जुनं कोण, दुर्मिळ कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या आठवीच्या प्रकल्पासाठी दोन ‘जिवंत जीवाश्मां’ची तुलना करायची आहे: ऑस्ट्रेलियातलं वॉलेमी पाइन हे झाड आणि खोल समुद्रातला गॉब्लिन शार्क. झाडासाठी तुम्हाला ९ कोटी १० लाख वर्षं हा आकडा मिळाला आणि शार्कसाठी साडेबारा कोटी, म्हणून ‘शार्क जास्त प्राचीन’ असं लिहिलंत. दोघांनाही ‘अतिदुर्मिळ’ म्हटलंत. त्यावर बाईंनी विचारलं की आंतरराष्ट्रीय लाल यादीत (कुठली जात नामशेष होण्याच्या किती धोक्यात आहे ते सांगणारी यादी) शार्क ‘चिंतेचं कारण नाही’ या गटात आहे, मग तो अतिदुर्मिळ कसा? आता कुठला आकडा ठेवायचा आणि कुठला खोडायचा, हे तुम्हाला हवं आहे.

आकडा एकही खोडू नका, दोन्ही बरोबर आहेत. गडबड ते शेजारीशेजारी ठेवण्यात झाली आहे. झाडाचा आकडा एका पातळीचा आहे आणि शार्कचा दुसऱ्या. ‘दुर्मिळ’चंही तेच झालंय: झाड संख्येने कमी आहे, शार्क दिसण्यात कमी आहे. हे दोन घोटाळे सुटले की बाईंच्या शंकेचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी वयाचं बघू. जिवंत जीवाश्माचं ‘वय’ म्हणजे नेमकं कशाचं वय? जातीचं, प्रजातीचं, कुळाचं की गणाचं? (जाती म्हणजे सर्वांत आतली पायरी, अनेक जातींची प्रजाती, अनेक प्रजातींचं कुळ, अनेक कुळांचा गण, असं इथे धरतो.) लोकप्रिय लेखांत हे सांगितलेलंच नसतं. ज्याला जो आकडा मोठा वाटतो तो तो उचलतो. म्हणून कुठलाही आकडा घेताना त्याच्या शेजारी ‘कशाचा’ आणि ‘कशावरून’ हे दोन शब्द लिहायचेच. आकडे तपासताना आम्ही पहिलं काम हेच करतो, आणि निम्मे वाद तिथेच संपतात.

वॉलेमीचे ९ कोटी १० लाख कशावरून आले? परागकणांवरून. हे झाड सप्टेंबर १९९४ मध्ये डेव्हिड नोबल या राष्ट्रीय उद्यानाच्या कर्मचाऱ्याला सिडनीच्या वायव्येला सुमारे १५० किलोमीटरवर, वॉलेमी राष्ट्रीय उद्यानातल्या वालुकाश्माच्या एका खोल घळीत सापडलं. १९९५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन होऊन वॉलेमिया नोबिलिस हे नाव पडलं. पण त्याचे परागकण शास्त्रज्ञांना त्याआधी तीसेक वर्षं माहीत होते. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या गाळात मिळणाऱ्या एका विशिष्ट परागकणाला १९६५ मध्येच डिल्विनाइटिस असं नाव दिलेलं होतं. तो कुठल्या झाडाचा, हे मात्र कोडं होतं. वॉलेमीचे ताजे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जोडी जुळली. डिल्विनाइटिसची सर्वांत जुनी नोंद सुमारे ९ कोटी १० लाख वर्षांपूर्वीची आहे, आणि साधारण २० लाख वर्षांपूर्वीपर्यंत तो गाळात मिळत राहतो. म्हणजे हा आकडा वॉलेमिया या प्रजातीचा, फार तर तिच्या अगदी जवळच्या नातलगांचा. ‘नातलगांचा’ हे मुद्दाम म्हणतो, कारण याच कुळातल्या इतर काही झाडांचे परागही डिल्विनाइटिसशी बरेच जुळतात असं पुढे दिसून आलं. परागकण सापडला म्हणजे आजचंच झाड तिथे उभं होतं, असं ठामपणे म्हणता येत नाही.

आता शार्कचे साडेबारा कोटी. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि कूर्चा सहसा कुजून जाते. मागे उरतात ते दात. शार्क जन्मभर दात पाडत राहतो, त्यामुळे जुन्या समुद्रतळांच्या खडकांत ते भरपूर मिळतात. क्रिटेशस काळातल्या अशा दातांवरून गॉब्लिन शार्कचं कुळ, मित्सुकुरिनिडी, सुमारे साडेबारा कोटी वर्षांमागे नेलं जातं. या कुळातला स्कॅपॅनोऱ्हिंकस हा नामशेष शार्क तर लेबनॉनच्या चुनखडकांत अख्ख्या शरीराच्या ठशासकट मिळाला आहे, लांबट सोंडेसह. पण तो आजचा गॉब्लिन शार्क नव्हे, त्याची प्रजातीच वेगळी आहे. आजच्या शार्कची प्रजाती मित्सुकुरिना. तिचे जीवाश्म इओसीन काळापासूनचे आहेत, म्हणजे ढोबळमानाने ५ कोटी वर्षं.

आता एकाच पातळीवर तुलना करा. प्रजातीला प्रजाती लावली तर वॉलेमिया सुमारे ९ कोटी आणि मित्सुकुरिना सुमारे ५ कोटी, म्हणजे झाड जुनं. कुळाला कुळ लावलं तर वॉलेमीचं कुळ अरोकेरिएसी, त्याचे जीवाश्म जुरासिक काळापर्यंत जातात, सुमारे २० कोटी वर्षं, आणि समोर साडेबारा कोटी. तिथेही झाडच जुनं. तुमच्या तक्त्यात शार्क जिंकला, कारण त्याच्या कुळाचा आकडा झाडाच्या प्रजातीच्या आकड्यासमोर उभा राहिला. ‘वॉलेमी पाइन २० कोटी वर्षं जुनं’ असंही लिहिलेलं तुम्हाला सापडेल. ती हीच चूक, फक्त उलट्या दिशेने केलेली.

इथे एक पुस्ती जोडतो, कारण हुशार मूल ती विचारणारच. ‘कुळ’ आणि ‘प्रजाती’ या रेघा माणसाने आखल्या आहेत. विसाव्या शतकात बराच काळ काही तज्ज्ञ मित्सुकुरिना आणि स्कॅपॅनोऱ्हिंकस या दोघांना एकच प्रजाती मानत होते. ते मत धरलं तर शार्कच्या प्रजातीचं वय एका झटक्यात दुपटीहून जास्त होतं, आणि मासा मात्र तोच राहतो. वनस्पतिशास्त्रज्ञांची प्रजाती आणि मत्स्यशास्त्रज्ञांची प्रजाती एकाच मापाच्या असतात, असंही नाही. म्हणून ‘झाड जुनं’ हे उत्तर बरोबर आहे, पण ते आजच्या वर्गीकरणावर टेकलेलं आहे, हे एका वाक्यात नोंदवा. आठवीला तेवढं पुरे. पदवीच्या विद्यार्थ्याला मी सांगेन की दोघांचाही सर्वांत जवळचा जिवंत नातलग कधी फुटून वेगळा झाला ते शोध. वॉलेमीला तो अगाथिस प्रजातीत मिळेल. गॉब्लिन शार्कला मात्र आज सख्खं कोणी नाही, त्याच्या कुळात तो एकटाच उरला आहे.

‘जिवंत जीवाश्म’ म्हणजे न बदललेला जीव, हे वाक्य तक्त्यात असेल तर मात्र ते काढा. बाहेरचा आराखडा जुन्याशी मिळताजुळता राहिला, एवढाच त्याचा अर्थ. आतली जनुकं बदलतच असतात.

आता दुर्मिळपणा. इथे जरा सावकाश जातो, कारण बाईंचा प्रश्न खरा इथला आहे.

वॉलेमीची झाडं मोजलेली आहेत. जंगलातली प्रौढ झाडं शंभरहून कमी, आणि तीही एकाच उद्यानातल्या, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या घळींत. मोजतानाही एक अडचण येते. हे झाड बुंध्यापासून नवे फुटवे काढतं, त्यामुळे एकाच मुळावर कित्येक खोडं उभी असतात. खोडं मोजली तर आकडा फुगतो. एका खोडाची वलयं मोजली तर त्या खोडाचं वय कळतं, झाडाचं नाही, कारण मूळ त्याहून बरंच जुनं असू शकतं. त्यात जनुकीय विविधता जवळपास नाहीच. वेगवेगळ्या झाडांचे नमुने तपासले तर फरक हुडकून काढावा लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एका झाडाला मारणारा रोग सगळ्यांनाच मारू शकतो.

गॉब्लिन शार्कची मोजणी झालेली नाही आणि होण्याची शक्यताही कमी आहे. हा मासा खंडांच्या उतारांवर, बहुतेक २७० ते ९६० मीटर खोलीवर राहतो. नोंदी याहूनही खोलच्या आहेत. हिंदी महासागरात १,३७० मीटरवरच्या एका तारायंत्राच्या केबलमध्ये त्याचा दात रुतलेला मिळाला होता. पहिलं वर्णन १८९८ मध्ये डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी केलं, योकोहामाजवळच्या सागामी उपसागरातल्या १०७ सेंटिमीटर लांबीच्या एका अल्पवयीन नरावरून. तेव्हापासून अटलांटिक, प्रशांत आणि हिंदी अशा तिन्ही महासागरांतून तुरळक नमुने आले. सर्वाधिक आले जपानमधून. पण जपानमध्ये ते जास्त आहेत म्हणून तसं घडलं असा निष्कर्ष काढू नका. तिथे किनाऱ्यालगतच समुद्र एकदम खोल होतो, त्या खोलीत जाळी टाकली जातात, आणि आलेल्या विचित्र माशाची नोंद ठेवणारी माणसं तिथे आहेत. नमुन्यांची संख्या माशांइतकीच जाळ्यांचीही माहिती सांगते. तैवानजवळ २००३ मध्ये थोड्याच दिवसांत शंभराहून जास्त गॉब्लिन शार्क पकडले गेले, तेही अशा भागात जिथे तो आधी क्वचितच मिळत असे. शंभर वर्षांत एखाददुसरा मिळणारा मासा खरोखर संख्येने कमी असता, तर एका ठिकाणी शंभर आले नसते.

म्हणून प्रकल्पात ‘दुर्मिळ’ हा एक रकाना ठेवू नका, तीन करा. जंगलात किंवा समुद्रात किती आहेत. किती मोठ्या क्षेत्रात पसरले आहेत. आणि माणसाला किती वेळा दिसतात. वॉलेमी पहिल्या दोन्हींत अतिशय कमी आहे. तिसऱ्यात मात्र आता तितकं कमी नाही, कारण २००५-०६ पासून त्याची रोपं विकत मिळतात आणि जगभरच्या वनस्पती उद्यानांत ती लावलेली आहेत. शार्कचं नेमकं उलट. क्षेत्र प्रचंड, दिसणं अत्यल्प, आणि संख्येच्या रकान्यात ‘मोजणी नाही’ असंच लिहायचं. तिथे अंदाजाचा आकडा भरायचा मोह होतो, तो आवरा.

लाल यादीतल्या फरकाचं कारण आता दिसेल. ती यादी ‘किती कमी दिसतं’ हे विचारतच नाही. तिचे पाच निकष आहेत आणि त्यांतला मुख्य भर घट, क्षेत्र आणि संख्या यांवर आहे. उदाहरणार्थ, प्रौढ जीव ५० पेक्षा कमी असले तर तेवढ्यावरच ‘अतिसंकटग्रस्त’. प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र १० चौरस किलोमीटरहून कमी आणि जोडीला चालू घट, तुकडे पडणं अशा अटींपैकी किमान दोन, तरीही तेच. क्षेत्र मोजताना नकाशावर दोन बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखून, जीव असलेले चौकोन मोजतात. आणि एक गोष्ट हमखास चुकते: कुंड्यांतली, उद्यानांतली झाडं या संख्येत धरत नाहीत. म्हणून हजारो रोपं विकली गेली तरी वॉलेमी अतिसंकटग्रस्तच आहे. शार्क तिन्ही महासागरांत पसरलेला, बहुतेक मासेमारीच्या खोलीखाली राहणारा, आणि जाळ्यात येणारे बरेचसे अल्पवयीन. मोठी पैदाशी मादी क्वचितच हाती लागते. मोठी घट झाल्याचा पुरावा नाही, म्हणून ‘चिंतेचं कारण नाही’.

मला विचाराल तर शार्कचा हा दर्जा आजपुरता योग्य आहे, पण तो कायमचा धरून चालू नये. खोल पाण्यातले शार्क सावकाश वाढतात आणि पिल्लं थोडी देतात. मासेमारी खोल सरकली की ते चटकन कोसळतात. मालदीवमध्ये यकृताच्या तेलासाठी १९८० च्या दशकात गल्पर शार्कची मासेमारी जोरात आली आणि थोड्याच वर्षांत घसरून गेली. गॉब्लिन शार्कमागे अजून कोणी मुद्दाम लागलेलं नाही. तो ट्रॉलमध्ये (बोटीमागे ओढत नेतात त्या जाळ्यात) आणि खोल गळांच्या दोरीवर चुकून येतो, एवढंच.

धोके आणि बचाव यांचा रकाना मात्र दोघांचा सर्वांत वेगळा निघेल, आणि तिथे लिहायला भरपूर आहे. झाडाचे मोठे शत्रू दोन. पहिला फायटॉफ्थोरा सिनॅमोमी हा पाण्यातून पसरणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव. तो मुळं कुजवतो आणि बुटांच्या चिखलातून येतो. २००५ मध्ये तो जंगलातल्या मूळ जागी सापडला. जागा गुप्त ठेवण्याचं खरं कारण हेच आहे, चोरीची भीती त्यानंतरची. जाणाऱ्या संशोधकांनाही बूट आणि अवजारं निर्जंतुक करावी लागतात. दुसरा शत्रू आग. २०१९-२० च्या वणव्यात गॉस्पर्स माउंटनची आग तिथवर पोचली. विमानांतून आगरोधक टाकलं गेलं, हेलिकॉप्टरमधून दोराने उतरलेल्या जवानांनी घळीत पाण्याची फवारणी बसवली, आणि बहुतेक मोठी झाडं वाचली. मोठं झाड होरपळलं तरी बुंध्यापासून फुटू शकतं. लहान रोपटं तसं वाचत नाही, आणि वणवे जवळजवळच्या वर्षांत येऊ लागले तर पुढची पिढी तयारच होत नाही. खरी चिंता ती आहे.

वॉलेमीसाठी ‘विमा’ काढता येतो. बिया गोळा करून, कलमं करून वेगळ्या ठिकाणी झाडं लावता येतात, आणि ते चालूही आहे. बिया गोळा करणं सोपं नाही. मादी शंकू शेंड्याजवळ असतात आणि झाड ४० मीटरपर्यंत जातं, त्यामुळे हेलिकॉप्टरखाली लोंबकळत ते तोडावे लागले. याच कुळातली अरोकेरिया पुण्या-मुंबईच्या बंगल्यांसमोर ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावतात, ती तुमच्या मुलीला प्रत्यक्ष बघता येईल. तिची आडवी फांदी तोडून लावली तर रोप सरळ उभं राहत नाही, जमिनीलगत आडवंच वाढतं. कलम करायचं तर उभा शेंडा लागतो. वॉलेमीची आडवी फांदी काही वर्षं वाढते, टोकाला शंकू धरते आणि मग पानांसकट अख्खी गळून पडते. झाडाखाली पानांऐवजी फांद्यांचा खच दिसतो तो त्यामुळे.

शार्कसाठी असा विमा नाही. जिवंत पकडून मत्स्यालयात ठेवलेले गॉब्लिन शार्क काही दिवसच जगले. पोहण्याची हवेची पिशवी शार्कला नसते, त्यामुळे वर ओढताना तो काही खोल पाण्यातल्या माशांसारखा फुगत नाही, पण जाळ्यातली झटापट आणि वरचं उबदार पाणी त्याला झेपत नाही. त्याचं रक्षण करायचं तर जाळं कुठे आणि किती खोल टाकायचं, एवढंच माणसाच्या हातात आहे.

तक्ता पुन्हा करताना क्रम असा ठेवा: आधी जातीचं शास्त्रीय नाव, मग प्रजातीचं वय आणि पुरावा (पराग किंवा दात), मग कुळाचं वय, मग दुर्मिळपणाचे तीन रकाने, मग लाल यादीतला दर्जा आणि तो कुठल्या कारणाने, शेवटी धोके. ‘साम्य’ असा वेगळा रकाना केलात तर त्यात फार काही भरणार नाही, आणि ते चालेल.

चित्रांबद्दल एक सांगतो, कारण तिथे जवळजवळ सगळे चुकतात. गॉब्लिन शार्कचा जबडा पुढे आलेला फोटो सगळीकडे दिसतो, पण तो बहुधा मेलेल्या नमुन्याचा असतो. पोहताना जबडा आत दुमडलेला असतो आणि तोंड इतर शार्कसारखंच दिसतं. भक्ष्य टिपताना तेवढा तो बाहेर झेपावतो, शरीराच्या लांबीच्या साधारण ९ टक्के, सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेगाने. जपानमध्ये घेतलेल्या चित्रफितींवरून हे मोजलं गेलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा दोन चित्रं काढा, एक जबडा आत आणि एक बाहेर. रंग गुलाबी द्या. पातळ कातडीतून रक्तवाहिन्या दिसतात म्हणून जिवंतपणी तो गुलाबीसर असतो, मेल्यावर राखाडी-तपकिरी होतो आणि बाटलीतले नमुने तसेच दिसतात. सोंडेच्या खालच्या बाजूला बारीक ठिपके दाखवा, ते वीज ओळखणाऱ्या छिद्रांचे आहेत. वॉलेमीच्या खोडावर गुळगुळीत साल काढू नका. मोठ्या झाडाची साल बुडबुड्यांसारख्या गडद तपकिरी गाठींनी भरलेली असते. हिवाळ्यातलं झाड दाखवायचं असेल तर शेंड्याच्या कळीवर पांढरी, मेणासारखी टोपी काढा. थंडीत वाढ थांबली की ती कळीचं रक्षण करते आणि वसंतात कळी ती फोडून बाहेर येते.